देवकीनं दोनदा दाबलं

माझ्या नोकरीतली काही वर्षं मला चुका करण्याचा पगार मिळत होता. पगार वेळेवर मिळायचा आणि चुका मी मन लावून करायचे. कार्ड उलटं घालायचं, शून्य रुपयांची खरेदी करायची, नको ते बटण नको त्या वेळी दाबायचं, आणि यंत्र काय करतं ते वहीत लिहायचं. घरी आई विचारायची, "आज बँकेत काय केलंस?" मी म्हणायचे, "दिवसभर एका यंत्राला छळलं." मी काहीतरी लपवतेय असंच तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे बँकेतल्या आठवणी मागितल्या. कोणत्या साली कोणत्या खात्यात होते, कोणाच्या हाताखाली किती दिवस काढले, हे लिहायला बसले तर मलाच झोप येईल. त्यामुळे मी कार्डाच्या यंत्राचीच हकीकत सांगणार आहे, कारण ती सांगायला मला अजून आवडतं. माझी मराठी लॉंग माउंटन गावच्या बैठकेत शिकलेली, संध्याकाळच्या वर्गातली आहे. तुम्हाला तिच्यात चुका सापडल्या तर मला राग येणार नाही. चुका शोधणाऱ्यांबद्दल मला आपुलकीच वाटते.

सत्तरच्या दशकात मी पोर्ट लुईच्या एका बँकेत लागले आणि मला कार्डाचं टेबल मिळालं. टेबलावर दोन फोन, चोरीला गेलेल्या कार्डांची एक छापील यादी आणि एक रजिस्टर. तेव्हा आमच्या बेटावर कार्ड म्हणजे बहुतेक परदेशी पाहुण्यांचीच चीज होती. हॉटेलात पाहुण्यानं कार्ड दिलं की कॅशियर ते एका लोखंडी पाट्यावर ठेवायचा, वर कार्बनचा कागद घालायचा आणि दांडा खटकन सरकवायचा. कार्डावरची उठावाची अक्षरं कागदावर उमटायची. रक्कम मोठी असली की तो मला फोन करायचा आणि कार्डाचा नंबर वाचून दाखवायचा. मी यादी पाहायचे, ती रक्कम रजिस्टरात त्या कार्डाच्या नावावर टाकायचे आणि त्याला परवानगीचा एक नंबर द्यायचे. तो कागदावर लिहिला की विक्री पक्की.

हे काम कानांचं होतं. वर्षभरात मला बेटावरचे सगळे कॅशियर आवाजानं ओळखू यायला लागले. उत्तरेकडच्या एका हॉटेलातला एक जण आकडे भजनासारखे लावून म्हणायचा. क्यूरपीपमध्ये दागिन्यांचं दुकान असलेला एक गृहस्थ होता. कार्डाला परवानगी नाकारली की तो पाच मिनिटांनी आवाज जाड करून तेच कार्ड पुन्हा वाचायचा, जणू दुकानात आता दुसराच कोणी बसलाय. आमच्याकडे साहेबाला मिस्ये म्हणतात. मी विचारायचे, "मिस्ये, सर्दी झाली का एवढ्यात?" तो हसायचा आणि फोन ठेवायचा. पुढच्या आठवड्यात परत तेच. माझ्यावर त्याचा राग नव्हता, आणि माझाही त्याच्यावर नव्हता.

आमच्या फोनच्या लाइनींबद्दल थोडं सांगायला हवं. त्या तेव्हा खांबांवरून, उसाच्या शेतांवरून यायच्या. जोराचा वारा आला की तुटायच्या, ऊस भरलेली गाडी खांबाला घासून गेली की तुटायच्या, कधी कधी काहीच न होता तुटायच्या. आणि लाइन तुटली की आमच्याकडे कोणी वाट पाहत बसत नाही. आपण लगेच परत फोन लावतो आणि सगळं पहिल्यापासून सांगतो, अगदी 'बोंजूर, घरचे बरे आहेत ना?' पासून. मधूनच बोलणं उचलणं उद्धटपणाचं वाटतं. माझी मावशी नुव्हेल फ्रांस गावातल्या दुकानाच्या फोनवरून बोलायची. तिच्या सासऱ्यांच्या निधनाची बातमी आम्ही एका सकाळी तीनदा ऐकली आणि आई तिन्ही वेळा रडली.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं आली आणि बँकेनं ठरवलं की आता कॅशियरनं बँकेला फोन करायचा नाही. दुकानातलं यंत्र बँकेतल्या कंप्यूटरला स्वतःच फोन लावेल. चपातीच्या डब्याएवढं यंत्र. त्याला बटणं, एक छोटी काच आणि कार्ड ओढायची एक फट. कार्ड ओढलं, रक्कम दाबली, की यंत्र टेलिफोनच्या तारेवरून विचारणार, कंप्यूटर उत्तर देणार आणि पावती छापून बाहेर येणार. याचा दुसरा अर्थ असा की माझे दोन फोन, माझी यादी आणि माझं टेबल यांची गरज संपणार होती.

आमच्या खात्याचे प्रमुख होते मिस्ये रोलां. टापटीप माणूस, तोंड दिसेल असे चकचकीत बूट. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मादाम सावित्री, तुमचं टेबल बंद होईपर्यंत तुम्ही यंत्राच्या चाचणीला बसा. हॉटेलवाल्यांची भाषा तुम्हाला कळते." मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आपल्या जागी येणाऱ्याला आपणच चालायला शिकवायचं, यात आनंद कसला. पण दोन दिवसांत मला त्या कामाची गोडी लागली.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं एक इंजिनियर पाठवला होता, मिस्टर पीटर. उंच, लाजाळू, नाकाची साल कायम निघालेली. त्यानं मला पहिला धडा दिला तो असा, की चाचणी करायची ती खऱ्या पैशाला हात न लावता. त्यासाठी कंप्यूटरमध्ये दोन कप्पे केले होते, एक खरा आणि एक सरावाचा. दोन्हींत सगळं सारखं. फक्त सरावाच्या कप्प्यातली माणसं खोटी, त्यांची कार्डं खोटी, त्यांचे रुपये खोटे. तिथं तुम्ही लाखाची खरेदी करा, कोणाचं काही जात नाही.

हा धडा मिस्ये रोलां यांना मात्र जरा महागात गेला. एका सकाळी ते दोन पाहुणे घेऊन चाचणीच्या खोलीत आले. कौतुकानं त्यांनी खिशातलं स्वतःचं कार्ड काढलं, यंत्रात ओढलं आणि एक मोठाच आकडा दाबला. पावती आली, पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्या सकाळी पीटर काहीतरी जुळवत होता आणि यंत्र खऱ्या कप्प्याला जोडलेलं होतं. त्याच शनिवारी मिस्ये रोलां पत्नीला घेऊन जेवायला गेले आणि कार्डाची मर्यादा संपली म्हणून वेटरनं कार्ड परत आणून दिलं. सोमवारी मी दारात बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला. खोलीत येणाऱ्यानं आपलं कार्ड आधी डब्यात टाकायचं, मग पाऊल आत. सर्वांत आधी मिस्ये रोलां यांनी टाकलं.

सरावाची कार्डं पीटरनं आणली होती, पांढरी, नाव नसलेली. प्रत्येक कार्ड ठरलेलं उत्तर आणायचं. मला नंबर लक्षात राहीनात, म्हणून मी त्यांना नावं दिली. काहीही मागा, हो म्हणणारं कार्ड ती मामी. काहीही मागा, नाही म्हणणारे ते दाजी. मुदत संपलेले आजोबा. चोरीला गेलेलं कार्ड म्हणजे चोर. आणि शिल्लक अपुरी पडणाऱ्या कार्डाचं नाव मी महिनाअखेर ठेवलं. पीटरलाही ती नावं पाठ झाली. "आज दाजी बरोबर वागले का?" असं तो त्याच्या उच्चारात विचारायचा आणि मला हसू आवरायचं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चाचणी म्हणजे यंत्र चालतं की नाही ते पाहणं. मामी चालते की नाही हे कोणीही पाहील. खरं काम दाजींचं आणि चोराचं. नाही म्हणताना यंत्र काय बोलतं, पाहुण्यासमोर कॅशियरची मान खाली जाते का, अर्धवट पावती बाहेर येते का, ते पाहायचं. मी बोटांना खोबरेल तेल लावून कार्डं ओढली. समुद्रावरून आलेल्या पाहुण्याच्या खिशात वाळू असते, म्हणून कार्डं वाळूत घोळली. पीटरच्या यादीत शंभराच्या वर चाचण्या होत्या. त्या सगळ्या झाल्या आणि प्रत्येकीपुढे बरोबरची खूण पडली. शेवटी एक कागद उरला. त्यावर तीन सह्या हव्या होत्या, पीटरची, मिस्ये रोलां यांची आणि कॅशियरांच्या वतीनं माझी. तिन्ही झाल्या की यंत्र खऱ्या कप्प्याला जोडायचं.

सुरुवात पूर्व किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलातल्या दुकानापासून होणार होती. मंत्री येणार, वर्तमानपत्रवाले येणार आणि पहिली खरेदी मिस्ये रोलां स्वतः करणार. त्याआधी तिथंच एक रंगीत तालीम ठेवली, अर्थात सरावाच्या कप्प्यावर.

त्या दुकानाच्या गल्ल्यावर देवकी होती. कांप दे मास्कची, आपल्यातलीच. सहा-सात वर्षं मी तिला फक्त आवाजानं ओळखत होते. चेहरा पाहिला तो त्या दिवशी. फोनवर मला ती धिप्पाड वाटायची, आणि समोर आली ती खांद्याएवढी, केसांत अबोली माळलेली. तिच्या नवऱ्याचा हात साखर कारखान्यात गेला होता आणि दोन मुलींसकट घर तिच्या पगारावर चालायचं. गल्ल्यावरची नोकरी म्हणजे तिच्या घरात मानाची गोष्ट होती.

तालमीत तिनं मामीचं कार्ड ओढलं, दुकानातल्या एका टोपीची रक्कम दाबली. काचेवर 'थांबा' आलं. बाहेर चांगला वारा होता. मग काचेवर आलं, लाइन गेली. देवकीनं लगेच कार्ड परत ओढलं, रक्कम परत दाबली. या वेळी पावती आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्ये रोलां यांनी टोपी डोक्यावर घालून दाखवली. आम्ही खुशीत परतलो.

दुसऱ्या दिवशी बँकेत कंप्यूटरच्या कागदाची गुंडाळी उलगडली तेव्हा त्यावर दोन टोप्या होत्या. दुकानात टोपी एक, पावती एक, आणि मामीच्या नावावर रक्कम दोनदा लागलेली. पीटरनं डोकं खाजवत कारण शोधलं. पहिला प्रश्न कंप्यूटरपर्यंत पोचला होता. त्यानं हो म्हणून रक्कम लावूनही टाकली होती. ते हो परत येताना वाटेत लाइन तुटली. दुकानातल्या यंत्राला उत्तर मिळालंच नाही, आणि देवकीनं दुसऱ्यांदा विचारलं ते कंप्यूटरला नवं गिऱ्हाईक वाटलं.

"पुस्तकात स्पष्ट लिहिलंय," पीटर म्हणाला, "लाइन गेली तर परत दाबू नये, बँकेकडे चौकशी करावी. यंत्राचा दोष नाही."

मिस्ये रोलां म्हणाले, "म्हणजे दोष त्या बाईचा. मॅनेजरला सांगतो, गल्ल्यावर दुसरी कोणी धीराची बसवा, हिला धुण्याच्या खात्यात टाका. मादाम, तुम्ही कागदावर सही करा."

मी लगेच सही केली नाही, पण तिची बाजूही घेतली नाही. उलट टेबलावर जाऊन देवकीला फोन लावला आणि तिच्यावर चिडले. ते आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

"दोनदा का दाबलंस गं?" मी विचारलं.

"ताई, लालीन कूपे झाली," ती म्हणाली. लाइन तुटली, हे आमच्याकडे असंच म्हणतात, आणि आंकोर म्हणजे परत. "लालीन कूपे झाली, मग मानूस आंकोर फोन करतो का नाय? तुमाला मी सात वरसं आंकोर फोन केला, तवा तुमी कधी ओरडला नाय."

"ते वेगळं. यंत्र म्हणजे मी नव्हे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तासाभरानं क्यूरपीपच्या दागिनेवाल्याचा फोन आला. माझं टेबल अजून चालूच होतं. त्यानं कार्ड वाचलं, मी रजिस्टरात रक्कम टाकली, नंबर दिला, आणि लाइन तुटली. दोन मिनिटांत फोन परत वाजला. "बोंजूर मादाम," त्यानं सुरुवात केली आणि तेच कार्ड पहिल्या आकड्यापासून वाचायला लागला. मी पेन्सिल न उचलता म्हटलं, "मिस्ये, मघाशीच नंबर दिलाय. तोच लिहा."

फोन ठेवला आणि मी तशीच बसून राहिले. इतकी वर्षं दिवसातून कितीतरी वेळा मी हेच वाक्य बोलत होते. आवाज ओळखायचा, हा मघाचाच माणूस, मघाचीच विक्री, म्हणून रजिस्टरात परत काही टाकायचं नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मी कुठं लिहूनही ठेवलं नव्हतं. पीटरनं यादी करायच्या आधी मला माझं काम विचारलं होतं तेव्हा मी सांगितलं, नंबर घेते, यादी पाहते, परवानगी देते. हे सांगायचं मला सुचलंच नाही, कारण हेही काम आहे हे मला माहीतच नव्हतं. देवकी सात वर्षं जे करत होती तेच तिनं त्या दिवशी केलं. पलीकडे ओळखणारं कोणी नव्हतं, एवढाच फरक.

मी उठून मिस्ये रोलां यांच्या खोलीत गेले. पीटर तिथंच होता. मी सगळं सांगितलं आणि म्हणाले की कागदावर मी सही करणार नाही. देवकीच्या जागी कोणालाही बसवा, तोही परत दाबणार. बेटावरचा प्रत्येक कॅशियर परत दाबणार.

मिस्ये रोलां यांनी पेन खाली ठेवलं. "मादाम, मंत्र्यांची तारीख ठरलीय. आणि स्पष्ट बोलतो. यंत्र सुरू झालं की तुमचं टेबल जातं. तुम्ही यंत्रात खोट काढताय, लोक याचा काय अर्थ लावतील?"

चिडले की माझा आवाज बारीक होतो, तसा तो झाला. मी म्हटलं, "मिस्ये रोलां, मला खुर्चीच वाचवायची असती तर मी मघाशीच हसत हसत सही केली असती. महिन्याभरात हॉटेलातले निम्मे पाहुणे दोनदा रक्कम लागली म्हणून तुमच्या दारात उभे राहिले असते, आणि तुम्ही स्वतः येऊन माझे फोन पुसून दिले असते."

पीटरनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मिस्ये रोलां म्हणाले, "शिकलेला शांत माणूस परत दाबत नाही. पुस्तक वाचतो, थांबतो."

"ठीक आहे," मी म्हटलं. "मंत्र्यांसमोर पहिली खरेदी तुम्हीच करणार आहात. आत्ता एकदा सराव करा. तुम्ही थांबलात तर मी इथंच सही करते, आणि देवकीलाही मीच सांगते की चूक तिची."

हे मी बोलून गेले खरी, पण चाचणीच्या खोलीपर्यंत जाताना मी मनात हिशेब केला. मिस्ये रोलां यांना नुकतंच पुस्तकातलं वाक्य ऐकवलं होतं. आता ते थांबले असते तर देवकी धुण्याच्या खात्यात गेली असती, आणि तिला तिथं पाठवणारी मी ठरले असते. त्यांनी कार्ड बिस्किटांच्या डब्यात टाकलं, मामीला उचललं, कोट सारखा केला. मी भिंतीजवळ गेले. पीटरच्या चाचण्यांत हो म्हणणारं कार्ड होतं, नाही म्हणणारं होतं. उत्तरच न देणारं कोणी नव्हतं. ते मी हातानं करणार होते, तेवढं मी पीटरच्या कानात सांगितलं होतं. मिस्ये रोलां यांनी कार्ड ओढलं, रक्कम दाबली. काचेवर 'थांबा' आलं. पीटर कंप्यूटरच्या कागदापाशी उभा होता. प्रश्न आल्याची ओळ उमटली तशी त्यानं मान हलवली, आणि मी टेलिफोनची तार भिंतीतून उपसली. क्षणभर थांबून परत खोचली.

काचेवर आलं, लाइन गेली.

मिस्ये रोलां दोन सेकंद थांबले असतील. मग म्हणाले, "आलो?"

ते यंत्राला आलो म्हणाले, म्हणजे फोनवरचं आमचं हॅलो. पीटरनं मला नंतर शपथेवर सांगितलं की त्यानंही ऐकलं. "आलो? बे, कि पे आरिवे?" काय चाललंय काय, असं पुटपुटत त्यांनी कार्ड परत ओढलं. 'थांबा.' मी तार परत उपसली, परत खोचली. त्यांनी परत ओढलं. तिसऱ्या खेपेला मी तार तशीच राहू दिली आणि पावती बाहेर आली. ती हातात धरून मिस्ये रोलां विजयी मुद्रेनं आमच्याकडे वळले, आणि आमचे चेहरे पाहिल्यावर त्यांना कळलं की आपण काय केलं. पीटरनं कागदाची पट्टी फाडून त्यांच्यापुढे धरली. तीनदा तीच रक्कम.

मला वाटलं होतं ते रागावतील. ते खुर्चीत बसले आणि पोट धरून हसायला लागले. इतकी वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते, त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "माझी आई असती," ते डोळे पुसत म्हणाले, "तर तिनं यंत्राला घरच्यांची खुशालीसुद्धा विचारली असती." मग गंभीर झाले. "हे मंत्र्यांसमोर झालं असतं, मादाम."

मंत्र्यांना तारीख पुढे ढकलल्याचं त्यांनी स्वतः कळवलं. हॉटेलच्या मॅनेजरलाही त्यांनीच फोन केला आणि देवकी गल्ल्यावरच राहील असं सांगितलं. मी बाजूला उभी राहून ऐकलं, कारण मला ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

उपाय पीटरचा, पण त्याचं बी माझं, हे तो सगळ्यांना सांगायचा. त्यानं मला विचारलं, "तू कशावरून ओळखायचीस की हे मघाचंच बोलणं आहे?" मी म्हटलं, आवाजावरून. विक्रीला आवाज नसतो, तेव्हा तिला दुसरी काहीतरी ओळख द्या. मग त्यानं प्रत्येक विक्रीला एक नंबर दिला. उत्तर मिळेपर्यंत यंत्र तो नंबर सोडत नाही. लाइन तुटली, कॅशियरनं तीच विक्री परत दाबली, तरी नंबर तोच जातो. कंप्यूटर पाहतो, हा नंबर आपल्याकडे येऊन गेलाय, मग रक्कम परत न लावता मघाचंच उत्तर परत देतो. कंप्यूटरला 'मघाशीच दिलाय' म्हणायला शिकवायला पीटरला जवळजवळ महिना लागला.

त्या महिन्यात मी तार इतक्यांदा उपसली की भिंतीतली खाच सैल झाली. प्रश्न जायच्या आधी उपसली, गेल्यावर उपसली, उत्तर येता येता उपसली, पावती छापली जात असताना उपसली. नंतर आम्ही बँकेतल्या शिपायापासून रोखपालापर्यंत एकेकाला आणून बसवलं. एकजात सगळे परत दाबणारे निघाले. थांबला तो एकटा पीटर. कागदावर रक्कम दर वेळी एकदाच. मग मी सही केली, पूर्ण नाव लिहून, खाली रेघ ओढून.

देवकीची मी माफी मागितली ती कांप दे मास्कला तिच्या घरी जाऊन. फोनवर मागायची नव्हती, मध्येच लाइन तुटली असती. तिनं मला चहा दिला, गाटो पिमां, म्हणजे आमच्याकडचे डाळीचे तिखट वडे, तळून दिले. मग म्हणाली, "ताई, मना वाटलं, तुमीच मना वळखला नाय." मी मान खाली घातली. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं, हे ऐकणं अवघड गेलं.

सुरुवातीच्या दिवशी मी हॉटेलात गेले नाही. बोलावणं होतं, पण मला कंप्यूटरच्या कागदापाशी उभं राहायचं होतं. यंत्र आता खऱ्या कप्प्याला जोडलेलं होतं, कार्डं खरी, माणसं खरी. मिस्ये रोलां यांची पहिली खरेदी उमटली, नीट, एकदाच. मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या असतील. मग पाहुण्यांच्या खरेद्या येऊ लागल्या. दुपारी पूर्वेकडे वारा सुटला असावा. कागदावर एक नंबर आला, रक्कम लागली. लगेच तोच नंबर परत आला, आणि शेजारी तीन शब्द उमटले, मघाचं उत्तर दिलं. थोड्या वेळानं असं दुसऱ्यांदा झालं, मग तिसऱ्यांदा. रक्कम दर वेळी एकच. मी त्या ओळींवरून बोट फिरवलं. माझं काम त्या ओळींत होतं आणि माझ्याशिवाय चाललं होतं. मला रडू आलं ते आनंदाचं, आणि थोडं दुसरंही.

तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. अजून कोणी काढून नेला नव्हता.

"बोंजूर ताई, घरची बरी हायत?" देवकी होती. मागून पाहुण्यांची गर्दी ऐकू येत होती. "लालीन तीन येळा कूपे झाली. मी तीनी येळा परत दाबलं. चुकलं काय?"

"नाही गं," मी म्हटलं. "दाब. हवं तितक्या वेळा दाब."